‘न मळता’ म्हणजे काय? घरच्या सावरडोची पार्श्वभूमी

आज ‘नो-नीड सावरडो’ (विकतच्या यीस्टऐवजी घरच्या आंबवणावर, न मळता केलेला पाव) म्हणून जी पाककृती फिरते, ती मुळात सावरडोची नव्हतीच. नोव्हेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात ती आली तेव्हा तीत इन्स्टंट यीस्ट होते: ३ कप मैद्याला जेमतेम पाव छोटा चमचा. त्यात सव्वा छोटा चमचा मीठ आणि १⅝ कप पाणी घालून कालवायचे, २१ अंश सेल्सिअसच्या आसपास १२ ते १८ तास ठेवायचे आणि २३० अंशांवर आधीच तापवलेल्या जाड भांड्यात झाकण लावून भाजायचे. कोंडलेल्या वाफेमुळे वरचे कवच उशिरा कडक होते, तोवर पाव फुगून घेतो. (झाकणाची मूठ प्लास्टिकची असेल तर ती एवढी उष्णता सोसेलच असे नाही.)

विकतचे यीस्ट एकोणिसाव्या शतकातले. त्याआधी पाव आंबवणावरच फुगे. गोव्यात माडाची सूर घालत. १९६१ मध्ये इंग्लंडात निघालेल्या पद्धतीने तासांचे आंबवणे काही मिनिटांच्या यांत्रिक घुसळणीवर आणले. २००६ ची पाककृती नेमकी दुसऱ्या टोकाची.

पुढे लोकांनी यीस्ट काढून स्टार्टर (पीठ-पाणी आंबवून जिवंत ठेवलेले आंबवण) घातला: ५०० ग्रॅम मैदा, ३७५ पाणी, १०० स्टार्टर, १० मीठ. इथे अडचण आली. आंबटपणा वाढला की पिठातली प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) जोर धरतात, ग्लूटेन (पिठाला ताण देणारे प्रथिनांचे जाळे) सैल पडते, गोळा ओघळतो आणि पाव चपटा होतो. म्हणून पहिल्या दोन तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार घड्या घालणे रूढ झाले. आणि वाद पेटला: घडी घालणे म्हणजे मळणेच, मग ‘न मळता’ कसले?

मराठीत हा गुंता लवकर सुटतो. आपल्याकडे कणीक भिजवणे वेगळे, मळणे वेगळे, तिंबणे वेगळे, आणि मुरणे तर कणीक आपली आपणच करते. पोळीची कणीक अर्धा तास झाकून ठेवली की हात न लावता मऊ आणि लवचीक होते. ग्लूटेन जुळवण्याचे काम पाणी आणि वेळच करतात. घडी फक्त जुळलेले ग्लूटेन ताणून गोळ्याला आकार देते. त्यामुळे नाव रास्तच आहे. घडीही नको असेल तर पाणी ३५० ग्रॅमवर आणावे आणि पाव साच्यात भाजावा.

२०२० च्या टाळेबंदीत यीस्ट मिळेनासे झाले आणि सावरडो घरोघरी पोचला, पण तास थंड देशांतलेच राहिले. मुंबईत तिशीपार तापमानात १८ तास म्हणजे आंबट चिखल. स्टार्टर ५० ग्रॅम घ्यावा, पाणी फ्रिजमधले वापरावे आणि गोळा दीडपट झाला की घड्याळ न पाहता आकार द्यावा. चक्कीचे पीठ पाचातला एक भागच घालावे: कोंडा ग्लूटेनचे धागे तोडतो, शिवाय दळताना फुटलेला स्टार्च पाणी जास्त पितो आणि लवकर आंबतो.