एंडेमिक म्हणजे सौम्य नव्हे

ओमायक्रॉनच्या लाटेत, २०२२च्या सुरुवातीला, ‘कोविड आता एंडेमिक होणार’ असं सतत कानावर यायचं आणि ऐकणाऱ्याला हायसं वाटायचं. खरं तर आजार कमी घातक झाला की नाही, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

ग्रीकमध्ये ‘एन’ म्हणजे आत आणि ‘देमोस’ म्हणजे लोक किंवा त्यांचा मुलूख. एखाद्या मुलखात कायम मुक्काम ठोकून असलेला आजार तो एंडेमिक. इंग्रजीत हा शब्द १७व्या शतकात रुळला. प्राणी-वनस्पतींबाबत त्याचा अर्थ वेगळा होतो: इथेच सापडणारं, इतरत्र नाही. शेकरू या अर्थाने भारताची एंडेमिक, म्हणजेच प्रदेशनिष्ठ. हिवताप मात्र एकाच वेळी कितीतरी देशांत एंडेमिक असतो.

मुक्काम टिकायला काय लागतं? उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१मध्ये गोवर येऊन गेला, त्यानंतर ६५ वर्षं फिरकला नाही. १८४६मध्ये तो जहाजाने पुन्हा आला आणि जेमतेम ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० जणांना झाला. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तपासाला गेला. १७८१मध्ये गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झालेला त्याला आढळला नाही. प्रयोगशाळा नाही, विषाणूची कल्पना नाही, नुसती घरोघर चौकशी; तरी केवढा मोठा निष्कर्ष: गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही! लागण होण्याजोगी माणसं संपली की छोट्या बेटावर साथ विझते. काही लाखांच्या शहरात मात्र नवी बाळं सतत जन्मत असतात, त्यामुळे लस येण्याआधी गोवर तिथून कधी हललाच नाही. एका रुग्णापासून सरासरी एकालाच लागण होत राहते. रुग्णसंख्या थोडी खालीवर होते, पण शून्यावर येत नाही.

ती कितीही मोठ्या आकड्यावर स्थिरावू शकते. हिवतापाची तीव्रता ठरवायला २ ते ९ वर्षांच्या मुलांची प्लीहा, म्हणजे हिवतापात सुजणारा पोटातला अवयव, तपासतात. निम्म्याहून अधिक मुलांची सुजलेली असेल तर तो भाग ‘हायपरएंडेमिक’, म्हणजे अतितीव्र एंडेमिक. २०२३मध्ये जगात हिवतापाने सुमारे ६ लाख माणसं गेली, त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. याला सौम्य कोण म्हणेल?

आणि हा मुक्काम हलवताही येतो. देवीचा रोग भारतात शतकानुशतकं एंडेमिक होता. गावोगाव रुग्ण शोधून त्याच्या आसपासच्या सगळ्यांना लस टोचत गेल्यावर, देशातच लागण झालेला शेवटचा रुग्ण मे १९७५मध्ये बिहारमध्ये नोंदवला गेला.