पाच लिटरच्या कॅनमधलं भविष्य

डोंबिवलीहून परळला निघालेल्या एखाद्या मुलीच्या पिशवीत पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन असतो. त्यात काल सकाळपासूनची लघवी. सकाळच्या लोकलमध्ये तो सांभाळत उभं राहायचं, कुणी विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीनेच ती अर्धी होते. पण ल्युपस किडनीत उतरलेल्या रुग्णाला औषध लागू पडतंय का, याचा भरवशाचा अंदाज आजही याच कॅनमधून निघतो.

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. दहातले जवळपास नऊ रुग्ण म्हणजे बायका, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. किडनीच्या गाळण्या सुजल्या की प्रथिन लघवीत उतरतं. लघवीला फेस येतो, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. निरोगी माणसाचं दिवसाला 150 मिलिग्रॅमहून कमी प्रथिन जातं; इथे ते अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं की डॉक्टर बहुधा बायॉप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, सुचवतात.

बायॉप्सीत दोन गोष्टी मोजतात : पेटलेल्या सुजेला 24 पैकी किती गुण आणि कायमच्या वणांना 12 पैकी किती. सूज औषधाने ओसरते, वण राहतो. तरीही दोन रुग्णांचे आकडे सारखे, स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारं मायकोफेनोलेटही तेच, आणि एक सावरते, दुसरी नाही, असं घडतं.

युरोपातल्या चाचण्यांमधल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतल्यावर एक साधी खूण हाती लागली. बाराव्या महिन्यात प्रथिन दिवसाला साधारण 0.7 ते 0.8 ग्रॅमच्या खाली आलं, तर पुढे किडनी टिकण्याची शक्यता चांगली. त्याआधीची पायरी म्हणजे तिसऱ्या महिन्यात निदान 25 टक्के घट, सहाव्यात 50. घट दिसली नाही तर पहिला प्रश्न, गोळ्या नियमित घेतल्या का? स्टेरॉइडने चेहरा सुजतो, लग्नाच्या वयाच्या मुली गुपचूप डोस सोडतात. हा प्रश्न मायेनेच विचारायला हवा, दरडावून नव्हे.

लघवीतल्या सीडी163 सारख्या रेणूंवरून उत्तर आणखी लवकर मिळेल का, यावर संशोधन सुरू आहे. मला त्याची मोठी आशा वाटते, कारण प्रथिन कमी होऊनही आत सूज धुमसत असल्याचं दुसऱ्या बायॉप्सीत कधीकधी आढळतं. म्हणून आकडा सुधारला तरी गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि कॅनचं गणित नीट जमायला हवं. पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या सकाळची पहिली धरायची. मधल्या वेळात ऑफिसात एखादी खेप राहून गेली, तर आकडा खोटाच कमी येतो. तसं झालं असेल तर लॅबच्या काउंटरवर सरळ सांगावं.