संरक्षित स्मारकाची हद्दनिश्चिती

संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या किल्ल्याचे, लेण्याचे किंवा मंदिराचे क्षेत्र नेमके कोठवर आहे, हे मूळ अधिसूचना व जमिनीची दप्तरे ताडून आणि जागेवर मोजणी करून स्पष्ट करण्याची प्रक्रिया. तिच्यात हद्द बदलत नाही. आधीच ठरलेली, पण धूसर राहिलेली रेषा पक्की होते.

भारतात या रेषेवर पुढचे सारे अवलंबून असते. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित असते. पहिल्यात नव्या बांधकामाला मनाई, दुसऱ्यात परवानगीची अट. मूळ रेषाच वीस मीटर इकडेतिकडे धरली, तर एखाद्याचे घर बंदीत सापडते किंवा तटाला लागून इमारत उभी राहते. म्हणूनच या क्षेत्रांची मोजणी करून तपशीलवार नकाशे तयार करण्याची जबाबदारी त्याच दुरुस्तीने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांवर टाकली.

महाराष्ट्रात खरी अडचण दप्तरात आहे. कित्येक अधिसूचना ब्रिटिशकालीन असून त्यांत सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा एवढाच आधार मिळतो. चतुःसीमेतला ओढा पात्र बदलतो, पाऊलवाट मोडते. त्यात १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. अधिसूचनेतला नंबर आजच्या सातबाऱ्यावर सापडत नाही. मग भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा आणि जुने नकाशे काढून दुवा जुळवावा लागतो. गिरिदुर्गांचा प्रश्न आणखी नाजूक: हद्द तटाशी संपते, की माची आणि उतारावरची मेटेही (पहारेकऱ्यांच्या वस्त्या) गडातच धरायची? पन्हाळ्यावर तर तटाच्या आतच नांदते गाव आहे. अशा ठिकाणी लगतच्या खातेदारांसमोर मोजणी करून दगड रोवणे हाच चांगला मार्ग. बंद खोलीत आखलेली रेषा गावाला परकी वाटते.

जागतिक वारसास्थळांबाबत युनेस्कोने २००४ साली १९७८ ते १९९८ या काळात यादीत आलेल्या स्थळांच्या हद्दीच्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. अजिंठा, वेरूळ (१९८३) आणि घारापुरी (१९८७) याच काळातली. जागतिक वारसा समिती हद्दीच्या स्पष्टीकरणाची दखल घेते. क्षेत्र कमी-जास्त करायचे असल्यास मात्र तिची मंजुरी लागते. २०२५ मध्ये यादीत आलेल्या मराठाकालीन १२ किल्ल्यांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड राज्याच्या संरक्षणाखाली, तर उरलेले आठ केंद्राच्या. त्यामुळे १०० आणि २०० मीटरांची केंद्रीय तरतूद या आठांनाच लागू होते.