एसएसपी वेगळं, एनएसपी वेगळं

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की खानापूर काय, निपाणी काय, सायबरमध्ये पोरांची रांग लागते. 'स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय.' कुठला, हे मात्र भरणारा विचारत नाही आणि भरून देणारा सांगत नाही.

एसएसपी, म्हणजे स्टेट स्कॉलरशिप पोर्टल, कर्नाटक सरकारचं. समाजकल्याण, मागासवर्गीय कल्याण, अल्पसंख्याक अशा बऱ्याच खात्यांना मिळून एकच अर्ज. इथे मार्कांपेक्षा वजन नाडकचेरीच्या, म्हणजे गावाजवळच्या महसूल कार्यालयाच्या, जात-उत्पन्न दाखल्याला. त्यावरचा आरडी नंबर चुकला किंवा दाखल्याची मुदत संपली असली की अर्ज तिथेच अडकतो. आपल्या मराठा मुलांची नोंद कर्नाटकात '३बी' या मागासवर्गीय गटात होते. मराठी चॅनेलवर रोज ऐकू येणारं महाराष्ट्रातल्या मराठा आरक्षणाचं, एसईबीसी आणि कुणबीचं गणित इकडे चालत नाही. हॉस्टेलला जागा न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांना जेवण-राहण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम देणारी 'विद्यासिरी'ही एसएसपीवरच.

एनएसपी, म्हणजे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, केंद्राचं. त्यावर योजना पुष्कळ, पण डिग्रीची मुलं 'एनएसपी' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची गुणवत्ता शिष्यवृत्ती त्यांच्या डोक्यात असते. देशभरात वर्षाला ८२,००० नव्या जागा, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीच्या पहिल्या ३ वर्षांत वर्षाला १२,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. राखीव जागा इथेही आहेत, पण आधी मार्क.

त्या मार्कांबद्दलच सगळ्यात जास्त घोळ आहे. '८० टक्के पाहिजेत' असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक. बोर्डात आपल्या शाखेच्या मुलांत वरच्या २० टक्क्यांत नाव यावं लागतं. सायन्सचा निकाल तगडा लागला तर ८५ टक्केवालाही बाहेर राहू शकतो, आणि आर्ट्सची मुलगी त्याहून कमी मार्कांत आत येऊ शकते. पुढच्या वर्षी चालू ठेवायला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी.

दोन्हीकडून घेऊ म्हणाल तर नाही. राज्याची स्कॉलरशिप किंवा फी-परतावा घेणाऱ्याला ही केंद्राची मिळत नाही. माझं मत विचाराल तर बीए-बीकॉमवाल्याने, यादीत बसत असेल तर, आधी एनएसपी बघावं. इंजिनिअरिंगवाल्याने एसएसपीतून फीचे किती सुटतात तो हिशेब मांडून मगच ठरवावं.

चंदगड, गडहिंग्लजहून बेळगावात शिकायला येणाऱ्यांचं कोडं वेगळं. घर महाराष्ट्रात, त्यामुळे आरडी नंबर नाही आणि एसएसपीही नाही. एनएसपीची ही शिष्यवृत्ती मात्र बोर्ड बघते. बारावी महाराष्ट्र बोर्डाची, तर नाव तिकडच्या यादीत, कॉलेज बेळगावचं असलं तरी चालतं.

पैसे दोन्हीकडचे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत केवायसी झाली म्हणजे हे झालं असं नाही. 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असं स्पष्ट म्हणून करून घ्यायचं, नाहीतर पैसे आधी कधीतरी जोडलेल्या जुन्याच खात्यावर जाऊन बसतात.