खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीतील माशांची मरतूक

खाऱ्या पाण्याची टाकी लावल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत, पाणी काचेसारखे नितळ दिसत असताना आणि टेस्ट किटवर आकडे ठीक येत असतानाही मासे एकामागून एक मरतात, त्या प्रकाराची ही नोंद आहे. मत्स्यपालनाचा छंद असलेल्यांत याला सर्रास ‘कारण कळले नाही’ असे म्हणतात. कारण बहुतेक वेळा सापडण्यासारखे असते. पण मासा मेला की आधी पाण्याची चाचणी होते आणि कोण मेले, कोण जगले, किती तासांत मेले हा सगळ्यांत बोलका पुरावा मेलेल्या माशाबरोबर कचऱ्यात जातो. तपासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

कोण जगले ते आधी पाहावे

टाकीत कोळंबी, गोगलगायी, शंखातले खेकडे असतील तर ते साक्षीदार समजावेत. मासे मेले आणि कोळंबी मजेत फिरते आहे, असे असेल तर संशय माशांच्या परजीवींवर जातो. माशांना मारणाऱ्या परजीवींचे कोळंबीवर काही चालत नाही. उलट गोगलगायी उताण्या पडल्या, कोळंबी आधी गेली आणि मासे अजून तग धरून आहेत, असे असेल तर तांबे, कीटकनाशक किंवा खारेपणातला अचानक बदल शोधावा. सगळेच एका रात्रीत गेले तर प्राणवायू, तापमान, अमोनिया किंवा विषबाधा यांपैकी एक धरून चालावे.

दुसरा धागा वेळेचा. दुकानातून आणलेला मासा २४ तासांच्या आत गेला तर दोष प्रवासाचा, पिशवीचा किंवा टाकीत सोडण्याच्या पद्धतीचा असतो. एक ते तीन दिवसांत अनेक मासे गेले तर अमोनिया किंवा मखमली रोग (परजीवींचा रोग, पुढे पाहावा). आठवडा ते दोन आठवडे म्हणजे बहुधा पांढरे ठिपके, क्लाऊनफिशचा श्लेष्मरोग किंवा दांडगाई, म्हणजे दुसऱ्या माशाने केलेली मारहाण. महिनाभराने खंगून मेला तर उपासमार. पहाटे मेलेला सापडला तर रात्रीचा प्राणवायू तपासावा.

मेलेला मासा ताजा असेल तर कल्ल्याचे झाकण उचलून पाहावे. निरोगी कल्ले लालभडक असतात. फिकट व चिकट बुळबुळीत कल्ले परजीवींकडे बोट दाखवतात, सुजलेले व कडा जळाल्यासारखे कल्ले अमोनियाकडे. काही तास पाण्यात पडून राहिलेल्या माशाचे कल्ले मात्र काहीच सांगत नाहीत.

अमोनिया आणि कच्ची टाकी

माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. हे सूक्ष्मजीव पाण्यात तरंगत नाहीत. दगड, वाळू आणि फिल्टरमधल्या माध्यमावर थर धरून वाढतात, आणि सावकाश वाढतात. २५ ते २७ अंश सेल्सियसला पूर्ण बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच ‘टाकी सायकल होणे’ म्हणतात.

गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव इथे दगा देतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातले मुक्त अमोनियाचे रूप खरे विषारी. पीएच ७ असताना ते जेमतेम अर्धा टक्का असते, तर खाऱ्या टाकीच्या ८.२ पीएचला ते सुमारे ७ टक्क्यांवर जाते. गोड्या टाकीत मासा निभावून नेतो तोच आकडा इथे जिवावर बेततो. नायट्राइटचे उलटे आहे. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून खाऱ्या पाण्यात मासे मेल्याचे खापर नायट्राइटवर फोडणे जवळपास नेहमीच चुकीचे ठरते.

टाकी माशांवाचून सायकल करावी. १०० लिटर पाण्याला साधारण ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घातले की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होतो. एवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही उतरले, की टाकी पहिल्या एक-दोन लहान माशांसाठी तयार झाली. ‘पाणी टिकते का बघायला’ आधी डॅमसेल (एक काटक लहान मासा) सोडायचे, ही जुनी सवय सोडून द्यावी. तो मासा भाजलेल्या कल्ल्यांनी दिवस काढतो, आणि जगलाच तर पुढे येणाऱ्या प्रत्येकाला फाडून खातो.

लिटर मोजतानाही चूक होते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी कागदावर १८० लिटरच्या पुढे भरते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात १५० लिटरच्या आसपास पाणी असते. औषधाचा डोस कागदावरच्या आकड्यावर दिला की तो जास्त होतो.

चाचणीतही फसगत आहे. क्लोरीन काढणारी काही द्रावणे अमोनियाला बांधून ठेवतात. बांधलेला अमोनियाही बऱ्याच किटवर रंग देतो, आणि नेस्लर पद्धतीच्या किटवर तर अशा द्रावणांमुळे आकडा भलताच येतो. खाऱ्या पाण्यासाठी सॅलिसिलेट पद्धतीची किट वापरावी आणि मुदत संपल्याची तारीख बाटलीवर पाहावी.

खारेपणा: उपकरण खोटे बोलते

माशांच्या टाकीत विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असावेत. यासाठी १०० लिटर आरओ पाण्याला साधारण ३.६ ते ३.८ किलो सागरी मिठाचे तयार मिश्रण लागते. स्वयंपाकाचे किंवा मिठागरातले मीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट यांचे समुद्राचे प्रमाण नसते.

स्वस्तातल्या हलत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर एखादा हवेचा बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो. वाचन जास्त येते, माणूस पाणी पातळ करतो आणि खरा खारेपणा कधी २८ वर उतरला ते कळतही नाही. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारा) बरा, पण तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ च्या प्रमाण द्रावणावर लावावा. ते घरी करता येते. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवले की त्याचे वाचन ३५ च्या समुद्राच्या पाण्याएवढे येते.

उन्हाळ्यात बाष्पीभवनाचा प्रश्न येतो. पाणी उडते, मीठ मागे राहते. १०० लिटरच्या टाकीतून १० लिटर उडाले तर खारेपणा ३५ वरून ३९ च्या जवळ जातो. ही घट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरून काढायची असते. खाऱ्या पाण्याने भरली तर प्रत्येक १० लिटरमागे ३५० ग्रॅम मीठ टाकीत साठत जाते. कोकणात व मुंबईत काही जण समुद्राचेच पाणी आणतात. पावसाळ्यात खाडीच्या आणि नदीच्या मुखाजवळ ते फार पातळ आणि गढूळ असते, तेव्हा ते घेऊ नये.

नवे मीठ घातलेले पाणी पंपाने रात्रभर फिरवून, खारेपणा व तापमान जुळवूनच वापरावे.

श्वास

खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. २६ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम विरघळतो, समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. तापमान ३० वर गेले की तो आणखी घटतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. मे महिन्यातली बंद खोली, काचेचे घट्ट झाकण आणि रात्री बंद केलेला वेव्हमेकर (टाकीतले पाणी फिरवणारा पंप) एवढे जमून आले की पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागाशी तोंड लावून असतात. पृष्ठभागावरचा तेलकट तवंग हवा आत जाऊ देत नाही. वेव्हमेकरचे तोंड किंचित वर करून पाणी सतत ढवळते ठेवले तर पुष्कळ मरतूक टळते.

पाणी २४ ते २७ अंशांत राहावे. पंख्याने पृष्ठभागावर वारा घातला की दोन-तीन अंश उतरतात. पुण्याच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, मुंबईच्या दमटपणात कमी. तिथे चिलर लागतो. वीज जाते त्या गावांत बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असायलाच हवा.

घरातले विष

हे कारण सर्वांत कमी तपासले जाते. डास पळवणाऱ्या कॉइल आणि लिक्विड मशीनमध्ये पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके असतात. माशांना आणि कोळंबीला ती अत्यंत कमी प्रमाणातही मारक ठरतात. एअर पंप आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे यंत्र) खोलीतलीच हवा ओढून पाण्यात बारीक बुडबुड्यांनी घुसळतात, म्हणजे विष टाकीत पोहोचवण्याची सोय आपणच केलेली असते. पेस्ट कंट्रोल, दिवाळीआधीचा रंग, फर्निचरचे पॉलिश यांचेही तेच. अशी कामे असतील तर एअर पंपाची नळी खिडकीबाहेर न्यावी, स्किमर बंद ठेवून वेव्हमेकर चालू ठेवावा आणि ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावावा.

धातूंसाठी हात घालून शोधावे. गंजलेला पाइप क्लिप, तडा गेलेला काच पुसायचा चुंबक, वाळूत पडलेले नाणे, पितळी नळावरून भरलेले पाणी. नळाचे पाणी वापरायचेच असेल तर क्लोरीन काढणारे द्रावण आवश्यक. क्लोरामाइन नुसते रात्रभर ठेवून जात नाही. बोअरचे पाणी या कामाला घेऊच नये.

रोग

नव्या टाकीतल्या ‘अकारण’ मरतुकीत परजीवींचा वाटा मोठा असतो, कारण पहिला मासा बहुधा विलगीकरणाशिवाय सोडलेला असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स (थोडक्यात क्रिप्टो) या एकपेशीय जीवामुळे होतो. मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसतात, तीन ते सात दिवसांत गळून पडतात आणि मालकाला वाटते मासा बरा झाला. खरे तर परजीवी वाळूत पुटी करून बसलेला असतो. त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा भारी येते.

मखमली रोग (ॲमिलूडिनियम ओसेलेटम) याहून क्रूर. ठिपके दिसायच्या आतच तो कल्ले व्यापतो. मासा खाणे सोडतो, उजेड टाळतो, वेव्हमेकरच्या झोतात तोंड करून उभा राहतो आणि दीड-दोन दिवसांत जातो. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, अंगाला घासून जाईल असा धरला तर सोनेरी-करडी भुकटी भुरभुरल्यासारखी त्वचा दिसते. क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढरट पापुद्रे सुटत असतील तर ब्रूकलिनेला, म्हणजे वर आलेला श्लेष्मरोग, समजावा. त्यावर तांबे चालत नाही, फॉर्मॅलिन लागते. क्रोमिसच्या कुशीवर लाल जखम असेल तर युरोनिमा हा आणखी एक परजीवी.

कल्ल्यांतले चपटे कृमी साध्या डोळ्यांना पारदर्शक असतात. तापमान व पीएच जुळवलेल्या, क्लोरीनविरहित गोड्या पाण्यात मासा पाच मिनिटे ठेवला की ते पांढरे पडून तळाशी तिळासारखे पडलेले दिसतात. मासा आडवा पडून धडपडू लागला तर लगेच परत घ्यावा.

क्रिप्टो व मखमली रोगांवर वेगळ्या टाकीत तांब्याचा उपचार करतात. आयनिक तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवून, सुमारे तीन आठवडे, रोज मोजून. बांधलेल्या म्हणजे चिलेटेड तांब्याची मात्रा वेगळी असते; ती बाटलीवरची पाळावी. मुख्य टाकीत तांबे कधीही घालू नये: कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात आणि दगड तांबे शोषून घेतात. विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवण्याचा उपाय क्रिप्टोवर चालतो, मखमलीवर नाही.

पिशवी, भूक आणि दांडगाई

लांबून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तासभर थेंब-थेंब पाणी टाकत बसणे अशा माशाला मारते. बंद पिशवी २० मिनिटे तरंगवून तापमान जुळवावे, खारेपणा आधीच पिशवीतल्या पाण्याच्या जवळपास आणलेल्या विलगीकरण टाकीत मासा हाताने किंवा भांड्याने सोडावा, पिशवीतले पाणी फेकावे.

मँडरिन मासा जिवंत सूक्ष्म कवचधारी खातो. नव्या टाकीत ते नसतात आणि तो डोळ्यांदेखत वाळतो. क्लीनर रासचेही तसेच. पोट आत गेलेला, पाठीची कड धारदार झालेला मासा दुकानातच ओळखावा आणि आपल्यापुढे खाऊन दाखवल्याशिवाय घेऊ नये. सायनाइडने पकडलेले मासे हाही एक भाग आहे. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून हा प्रकार सुरू झाला. घरी त्याची चाचणी करता येत नाही, म्हणून टाकीत पैदास झालेले क्लाऊनफिश घेणे उत्तम.

मरतूक चालू असताना

आधी हवा: एअर स्टोन टाकावा, पृष्ठभाग ढवळावा. मग मेलेले मासे काढावेत, खाणे बंद करावे, तापमान व खारेपणा मोजावा. जुळवलेल्या पाण्याने ३० टक्के बदल करावा. अमोनिया दिसत असेल तर ५० टक्के, म्हणजे तो निम्म्यावर येतो. नवा कार्बन लावावा. कारण कळण्याआधी औषध ओतू नये, आणि फिल्टरचे माध्यम नळाखाली धुऊ नये. जगलेल्या माशांच्या कल्ल्यांची उघडझाप मिनिटभर मोजून वेळेसह लिहावी. संध्याकाळी आकडा उतरला असेल तर उपाय लागू पडतो आहे.

परजीवी निघाले तर सगळे मासे ४० ते ६० लिटरच्या उघड्या विलगीकरण टाकीत हलवावेत: स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, वाळू-दगड नाही. मुख्य टाकी माशांवाचून चालू ठेवावी. क्रिप्टोच्या पुटी ७२ दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद असल्यामुळे ७६ दिवसांची मुदत पाळतात. या काळात दगडांवरचे जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून चिमूटभर खाद्य किंवा थोडा अमोनियम क्लोराइड देत राहावे. दगड बदलायचा झाल्यास तो कोरडा, नीट स्वच्छ केलेला किंवा सिरॅमिकचा घ्यावा. भारतात प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे समुद्रातून प्रवाळाचा दगड काढून आणणे बेकायदा आहे. ७६ दिवसांनंतर विलगीकरणातले मासे एकाच वेळी न सोडता आठवड्याला एक-दोन असे, आणि सर्वांत भांडखोर मासा शेवटी सोडावा.