सेकंदाला ६०० गिगाबाइट

कृत्रिम बुद्धिमत्तेचं मोठं मॉडेल एका चिपवर शिकत नाही. हजारो चिप्स एकाच वेळी गणितं करतात आणि प्रत्येकीला आपलं अर्धवट उत्तर इतर चिप्सना कळवावं लागतं. त्याशिवाय पुढची पायरी सुरू होत नाही. त्यामुळे चिप किती वेगवान आहे याइतकंच महत्त्व चिप्समधली वाट किती रुंद आहे याला असतं. अमेरिकेने चीनला रोखण्यासाठी रेषा आखली ती इथेही.

७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने प्रगत चिप्सच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यात एक मर्यादा गणनक्षमतेची होती, दुसरी चिप्समधल्या देवाणघेवाणीची: सेकंदाला ६०० गिगाबाइट. दोन्ही ओलांडल्या तरच बंदी. फट होती ती या ‘दोन्ही’ शब्दात. एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीच्या एच१०० चिपची वाट ९०० गिगाबाइटची. कंपनीने चीनसाठी एच८०० काढली. मॉडेल शिकवायला लागणारी गणनशक्ती जवळपास तेवढीच, वाट मात्र ४०० ची. नियमही पाळला गेला, धंदाही चालू राहिला. वर्षभराने सरकारने देवाणघेवाणीचा निकष काढून टाकला, गणनक्षमता आणि तिची घनता, म्हणजे चिपच्या क्षेत्रफळाच्या मानाने ती किती, हे मोजायला सुरुवात केली आणि एच८०० ची विक्री थांबली. तोवर पुष्कळ माल चीनमध्ये उतरला होता.

चीनमधल्या हांगझोच्या डीपसीक या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीने अशाच २,०४८ एच८०० चिप्सवर आपलं व्ही३ मॉडेल शिकवलं. वाट अरुंद, मग काय करायचं? त्यांच्या अभियंत्यांनी प्रत्येक चिपमधल्या १३२ गणन-एककांपैकी २० केवळ निरोप पोहोचवण्याच्या कामाला लावली. माहितीच्या एका तुकडीचं गणित चालू असतानाच दुसरीची देवाणघेवाण उरकावी, अशी आखणी केली. बरीचशी गणितं ८ बिटांच्या आखूड आकड्यांत केली. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण ते तंगीतून सुचलेलं आहे आणि त्यांनी ते जगासमोर मांडलं. इतक्या कमी चिप्समध्ये भागत असेल तर महागड्या चिप्सची मागणी घटेल, अशी धास्ती गुंतवणूकदारांनी घेतली आणि २७ जानेवारी २०२५ या एका दिवसात एनव्हिडियाचं बाजारमूल्य सुमारे ५९० अब्ज डॉलरने घसरलं.

दुसऱ्या नियमानंतर कंपनीने एच२० आणली. तिची गणनशक्ती एच१०० च्या मानाने फारच कमी, पण स्मृतीतून माहिती खेचण्याचा वेग तिच्याहून जास्त: सेकंदाला ४ टेराबाइट. तयार मॉडेल एकेक शब्द जुळवत उत्तर देतं तेव्हा खरी गरज याच वेगाची असते, आणि नियम तो मोजतच नव्हता.

एप्रिल २०२५ मध्ये एच२० लाही परवान्याची अट लागली. जुलैमध्ये ट्रम्प सरकारने परवाने देण्याची तयारी दाखवली. ऑगस्टमध्ये ठरलं, की चीनमधल्या या विक्रीतले १५ टक्के सरकारला मिळतील. मला हे मनापासून खटकतं. चिप देशाला घातक असेल, तर हिस्सा घेतल्याने ती निरुपद्रवी होत नाही. आणि घातक नसेल, तर हिस्सा कशाबद्दल? हा सौदा व्हाइट हाउस आणि कंपनी यांच्यात ठरला. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यावर मतदान झालं नाही.