डिंकाशिवाय कागद जुळतो कसा?

गेल्या रविवारी मुलीच्या जुन्या वह्या रद्दीत न घालता आम्ही घरीच त्यांचा कागद करायला घेतला. कपटे रात्रभर बादलीत भिजवले, सकाळी भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढले. लगदा परातीत ओतला. मच्छरदाणीची जाळी ताणून बसवलेली चौकट त्यात बुडवून आडवी वर उचलली, पाणी निथळलं, आणि जाळीवर राखाडी साय धरली. तेवढ्यात मुलीनं विचारलं, "आई, डिंक कधी घालायचा?"

डिंक लागतच नाही! मला कागदाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. सेल्युलोज ही ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ, आणि प्रत्येक मण्याला तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. शेजारच्या तंतूवरच्या अशाच गटांशी ते हायड्रोजन बंधानं जोडले जातात, म्हणजे एकातला हायड्रोजन दुसऱ्यातल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. पाण्याच्या रेणूलाही हा बंध जमतो. म्हणून कागद भिजवला की पाणी दोन तंतूंच्या मधे शिरतं आणि त्यांची पकड सुटते. वाळताना उरलंसुरलं पाणी पृष्ठताणानं तंतूंना जवळ ओढतं आणि स्वतः उडून जातं. तंतू एकमेकांना भिडतात, बंध पुन्हा जुळतात. एकेक बंध दुबळा, पण ते असतात अगणित.

वडापावचा तेलकट कागद रद्दीत का चालत नाही, हे मुलांना इथे सहज कळतं: तेल तंतूंवर बसतं, पाण्याला आत जाऊ देत नाही. चहाच्या कागदी कपाला तर आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो.

हे चक्र कायम चालत नाही. दर वेळी वाळताना तंतूच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं मिटतात. तिथे जुळलेले काही बंध पुन्हा भिजवल्यावरही उघडत नाहीत. तंतू ताठरतो, कमी फुगतो, शेजाऱ्याला नीट भिडत नाही. शिवाय तुटून आखूड होत जातो. साधारण 5 ते 7 फेऱ्यांत तो निकामी होतो. म्हणून वेष्टनावरच्या, पुनर्वापर सुचवणाऱ्या गोल फिरत्या बाणांच्या चिन्हाला भुलू नये. प्लॅस्टिकवरच्या त्रिकोणातला आकडा तर फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. त्या डब्याचं पुढे काय होणार, ते नाही. वहीची पाठकोरी पानं आधी वापरून संपवणं केव्हाही चांगलं.

आमचा कागद जुन्या पंचावर पसरून मंगळवारी वाळला. मुलीनं शाईच्या पेनानं त्यावर नाव लिहिलं, तर शाई फुटली. कागदाला खळ नव्हती ना! आता पुढचा ताव तांदळाच्या पेजेत बुडवून काढणार आहोत.